विचित्र हाड, ओळखीचा मासा

उन्हाळा लागला की जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर गोदावरीचं पात्र उघडं पडू लागतं. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांच्या काठाने वाळूचे पट्टे दिसतात, डोह आक्रसतात, पावसाळ्यात तासल्या गेलेल्या दरडींचे थर नजरेला पडतात. अशा वेळी वाळूत किंवा दरडीच्या पायथ्याशी एखादी काळसर, वजनाला जड वस्तू हाती लागते. बोटभर लांब, एक कड दातेरी, एक टोक निमुळतं, दुसरं गाठाळ. हाड आहे एवढं समजतं, कोणाचं ते समजत नाही. मगरीचा जबडा, नामशेष प्राण्याचा दात, जुन्या बाणाचं टोक असे तर्क सुरू होतात. मासा हे उत्तर बहुधा सगळ्यात शेवटी सुचतं आणि सुचलं तरी ‘असा कुठला मासा असतो?’ म्हणून मागे पडतं. आयुष्यभर गोड्या पाण्यातले मासे खाणाऱ्यालाही हे हाड ओळखता येत नाही, हे खरं कोडं आहे.

या कोड्याचं उत्तर असं, की नदीत सापडणारं विचित्र हाड सहसा विचित्र माशाचं नसतं. मासा ओळखीचाच असतो; हाड तेवढं आपण कधी पाहिलेलं नसतं. म्हणून रूपाचं नवल बाजूला ठेवून तीन प्रश्न क्रमाने विचारावे लागतात. हे हाड शरीरात कोणतं काम करत होतं? त्याचं वय कशावरून ठरवायचं? आणि ते या जागी कसं पोहोचलं? या तीन प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळली तरच ओळख पटली असं म्हणता येतं. एखादं चित्र पाहून ‘हुबेहूब तसंच दिसतं’ म्हणणं पुरेसं का नाही, तेही त्यातून कळतं.

ताटातली हाडं आणि नदीतली हाडं

माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात. हाडं असलेल्या माशाच्या नुसत्या डोक्यात, गालफडं आणि कल्ल्यांची हाडं धरून, शंभराहून अधिक सुटे तुकडे असतात. ताटात आपल्याला भेटतात ते प्रामुख्याने मांसातले बारीक काटे, बरगड्या आणि मणक्यांची माळ. डोकं बहुतेक घरांत कालवणात शिजून जातं किंवा साफ करतानाच टाकलं जातं. परांचे जाड काटे तर बाजारातच कोयत्याने उडवले जातात. म्हणजे माशाच्या सांगाड्यातला सगळ्यात भक्कम भाग आपल्या नजरेखालून जवळजवळ जातच नाही.

नदी याच्या उलट निवड करते. मासा मेला की मांस कुजतं आणि सांगाडा विखुरतो. बारीक काटे, पातळ पापुद्र्यासारखी हाडं वाळूच्या घर्षणाने मोडतात किंवा मातीत विरतात. टिकतात ती घट्ट, जाड हाडं: परांचे काटे, मणके, घशातली दात असलेली हाडं, कवटीचे जाड तुकडे. मणके सोडले तर आपण खाताना पाहतो ती हाडं टिकत नाहीत आणि टिकणारी हाडं आपण पाहत नाही. ओळखीचा मासा अनोळखी वाटतो तो याच कारणाने. त्यामुळे कुठल्याही नवलाईच्या हाडासाठी पहिला संशय नदीत आजही राहणाऱ्या, जाड हाडांच्या माशांवर घ्यावा. मराठवाड्याच्या नद्यांत असे मासे म्हणजे मिशांचे मासे: शिंगाळा, मांगूर आणि त्यांचे भाऊबंद.

काट्याचा सांधा जवळून पाहिला तर

शिंगाळ्याच्या छातीच्या दोन्ही परांच्या पुढच्या कडेला एकेक जाड, टोकदार काटा असतो. पाठीच्या पराच्या पुढेही एक असतो. शत्रूने धरलं की मासा हे काटे बाहेर ताणतो आणि ते तसेच अडकून बसतात. मग त्याला गिळणं अवघड जातं. मेलेल्या माशाचा उभा राहिलेला काटा सरळ दाबून खाली बसत नाही, हे मासे साफ करणाऱ्याला ठाऊक असतं. त्यामागची रचना दाराच्या आडव्या कडीसारखी आहे. कडीचा दांडा नुसता ढकलून सरकत नाही. आधी तो फिरवावा लागतो. काट्याच्या बुडाशी अर्धगोल कंगोरा असतो. मासा काटा बाहेर काढताना तो किंचित फिरवतो, तेव्हा हा कंगोरा खांद्याच्या हाडातल्या खाचेत घट्ट बसतो. परत मिटायचा तर आधी उलट फिरवायला हवा. पुष्कळ मिशाळ मासे हाच कंगोरा खाचेत घासून आवाजही काढतात.

हे काम कळलं की वाळूत सापडलेल्या हाडाचा प्रत्येक भाग बोलू लागतो. गाठाळ टोक म्हणजे फिरणारा सांधा. मागच्या कडेचे दाते शत्रूच्या तोंडात रुतण्यासाठी. छातीचा काटा डाव्या-उजव्या बाजूंनी सारखा नसतो. त्याचं बूड एका बाजूला झुकलेलं असतं, म्हणून तो डाव्या पराचा की उजव्या पराचा हेही सांगता येतं. पाठीचा काटा मात्र दोन्ही बाजूंनी सारखा असतो आणि त्याच्या बुडाशी आरपार भोक असतं. त्या भोकातून खालच्या हाडाचं कडं ओवलेलं असतं. ताईत ओवण्यासाठी माणसाने पाडलेलं म्हणून जे भोक कुणी दाखवील, ते प्रत्यक्षात माशाच्या सांध्याचं असू शकतं. मानवी भोकाच्या कडेवर हत्याराच्या रेघा दिसतात. सांध्याचं भोक आतून गुळगुळीत आणि हाडाच्या घडणीत मिसळलेलं असतं.

इथे एक फसगत ध्यानात ठेवायला हवी. दातेरी काटा दिसला की तो मिशाळ माशाचाच, असं समीकरण चालत नाही. सायप्रिनस, म्हणजे तळ्यांत आणि धरणांत सोडला जाणारा कॉमन कार्प, याच्याही पाठीच्या पराला मागून दातेरी असा टणक काटा असतो. दख्खनच्या नद्यांतल्या काही लहान देशी कार्प माशांनाही तो असतो. म्हणून निर्णय दात्यांवर सोडायचा नाही, बुडाकडच्या सांध्यावर सोडायचा. दाते अनेक माशांना स्वतंत्रपणे येऊ शकतात. फिरून अडकणारा कंगोरा मिशाळ माशांच्या छातीच्या काट्याची खूण आहे. टोकाचा तुकडा सापडला आणि बूड मोडून गेलं असेल, तर ‘काटेरी पराचा मासा’ एवढ्यावर थांबणं प्रामाणिकपणाचं.

मणका, घसा आणि कवटी

काट्याखालोखाल सापडतो तो मणका. माशाच्या मणक्याची ओळख सोपी आहे: तो पुढून आणि मागून, दोन्हीकडून खोलगट असतो आणि खोलगट भागात एकात एक वर्तुळं दिसतात. सापाचा आणि आजच्या मगरीचा मणका पुढून खोलगट, पण मागून गोल फुगीर असतो. गाय-म्हशीसारख्या सस्तन प्राण्याच्या बहुतेक मणक्यांची टोकं चपटी असतात. एवढ्या एका तपासणीने ‘सापाचा मणका’ म्हणून आलेले बरेच नमुने माशांच्या खात्यात जातात. मात्र मणक्यावरून मासा हे कळलं, तरी नेमका कोणता मासा हे सांगणं अवघड. रोहू, मृगळ आणि मिशाळ मासे यांच्यात पहिले काही मणके बदललेले असतात. त्यांच्याशी जोडलेली बारीक हाडं हवेच्या पिशवीतली कंपनं कानापर्यंत पोचवतात. मिशाळ माशांत तर हे मणके एकमेकांत मिसळून एकच ओबडधोबड ठोकळा होतो. तो सुटा सापडला तर मणका आहे असंसुद्धा वाटत नाही.

रोहू आणि कटला यांच्या जबड्यात दात नसतात. दात घशात असतात. कमानीसारख्या वळलेल्या हाडावर दातांच्या ओळी असलेलं हे घशाचं हाड चमत्कारिक दिसतं आणि लहानशा सरपटणाऱ्या प्राण्याचा जबडा म्हणून सहज खपतं. कवटीच्या तुकड्यांबाबत गोंधळ दुसऱ्या दिशेने होतो. मिशाळ माशांच्या डोक्यावरचं हाड कातडीखालीच असतं आणि त्यावर दाणेदार, पसरत जाणाऱ्या रेघांची नक्षी असते. मऊ पाठीच्या कासवाच्या कवचावर खळगे असतात, आणि मगरीच्या पाठीवरच्या हाडाच्या ढलप्यांवर खळग्यांसोबत मधोमध उंच कणा. दाणे की खळगे, एवढा फरक भिंगातून पाहिला तरी चूक टळते.

काळा रंग म्हणजे वय नव्हे

हाड कुणाचं ते ठरलं, तरी ते किती जुनं हा प्रश्न उरतो, आणि इथे रंग सगळ्यांना चकवतो. हाडात दोन गोष्टी असतात: कॅल्शियम फॉस्फेटचा खनिज भाग आणि कोलॅजन नावाचं प्रथिन. हाड गाळात पुरलं गेलं की सूक्ष्मजीव कोलॅजन खातात आणि रिकाम्या जागांत पाण्यातली खनिजं साचतात. गोदावरीचं इथलं खोरं बेसाल्टचं आहे. हा काळा दगड झिजताना पाण्यात कॅल्शियम, लोह, मँगनीज उतरतं. काठच्या मातीत जागोजाग दिसणारी चुनखडीची गुठळी हे त्यातल्याच कॅल्शियमचं रूप. हाच चुना हाडात शिरला की ते जड होतं, आणि लोह-मँगनीजमुळे काळवंडतं. पण लोह-मँगनीजचा थर चढायला लाखो वर्षं लागत नाहीत. डोहाच्या चिखलात पडलेलं अगदी अलीकडचं हाडही काळं पडू शकतं. रंग पाण्याचा इतिहास सांगतो, वयाचा दाखला देत नाही.

गंमत अशी, की काही वेळा वयाची वरची मर्यादा खुद्द मासाच ठरवून देतो. चिलापी, म्हणजे तिलापिया, हा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. कॉमन कार्प १९३९ मध्ये आला. गोदावरीच्या वाळूत कितीही काळं, कितीही दगडासारखं हाड सापडलं आणि ते चिलापीचं ठरलं, तर ते १९५२ च्या आधीचं असूच शकत नाही. म्हणून मासा ओळखणं हे केवळ नाव देण्यासाठी नसतं. वयाचा पहिला पुरावा त्यातूनच मिळतो.

उलट बाजूने वय सांगतो तो थर. गोदावरीच्या काठच्या जुन्या गाळात हिमयुगाच्या काळातल्या प्राण्यांचे अवशेष मिळाल्याची नोंद शंभर वर्षांहून जुनी आहे. वरच्या अंगाला नांदूर मधमेश्वरच्या गाळात सापडलेल्या प्राचीन हत्तीवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये लिहिलं. डेक्कन कॉलेजच्या जी. एल. बदाम यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात देशभरातल्या अशा प्राण्यांचा आढावा घेतला. तेव्हा जालन्यातल्या दरडीच्या चुनखडीने घट्ट झालेल्या वाळू-गोट्यांच्या थरात शिंगाळ्याचा काटा रुतलेला दिसला, तर तो त्या थराच्या वयाचा असण्याला आधार आहे. तोच काटा मोकळ्या वाळूत सापडला, तर तो जुन्या थरातून निसटलेला असेल, गेल्या पुरात वाहून आलेला असेल किंवा माणसाने फेकलेला असेल. केळना नदीकाठच्या भोकरदनला १९७३ मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन भोगवर्धन नगराचे अवशेष मिळाले. जिथे दोन हजार वर्षांपूर्वी नगरं नांदली, तिथे स्वयंपाकघरातला कचरा नदीत जाणारच. अशा हाडांवर कापल्याच्या सरळ खुणा किंवा भाजल्याचे काळे-पांढरे डाग दिसू शकतात.

डायनोसॉरच्या काळातला मासा असला तर?

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. गोदावरीच्याच खोऱ्यात खरोखर विलक्षण मासे सापडले आहेत, मग जालन्यात का सापडू नयेत? विल्यम साइक्स यांचं उदाहरण बोलकं आहे. दख्खनच्या नद्यांतल्या माशांवर लिहिताना त्यांनी १८३९ मध्ये शिंगाळ्याला शास्त्रीय नाव दिलं; त्यात स्थानिक नावच वापरलं आहे. त्याच साइक्स यांनी १८५१ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक नियतकालिकात दख्खनच्या पठारावरच्या एका जीवाश्म माशाची माहिती दिली आणि फिलिप एगर्टन यांनी त्याचं वर्णन केलं. जाड, चकचकीत, चौकटीच्या खवल्यांचा हा मासा जुरासिक काळातला. त्याचे दगड प्राणहिता नदीकाठच्या, सिरोंचाजवळच्या कोटा इथल्या थरांतले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या माशांवर आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये लिहिलं. त्यात आज फक्त अमेरिका खंडात आणि क्युबात उरलेल्या ‘गार’ नावाच्या माशाच्या कुळातला एक मासा आहे, तसाच बटणांसारख्या दातांनी कठीण कवचं फोडणारा दुसरा एक आहे.

आक्षेपाचं उत्तर नदीच्या उतारात आहे. गोदावरी नाशिककडून पैठणमार्गे जालन्यात येते, पुढे परभणी-नांदेड करत तेलंगणाच्या सीमेवर सिरोंचाजवळ प्राणहितेला भेटते. कोटा आणि डोंगरगाव दोन्ही प्राणहितेच्या पाणलोटात, जालन्याच्या शेकडो किलोमीटर खालच्या अंगाला. पाणी दगड वर चढवत नाही. जालन्याच्या वरच्या अंगाला नाशिक, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर हा सगळा मुलूख सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. वितळलेल्या खडकात मासे जपले जात नाहीत. लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या काळात साचलेल्या तळ्यांच्या गाळात ते राहू शकतात, हे खरं. पण तसं हाड असेल तर त्याला त्या गाळाचा कठीण दगड चिकटलेला असणार. कुणी दूरवरून भरावाच्या खडीतून आणलं म्हणावं, तरी चिकटलेला दगडच ते सांगेल. म्हणून हाड स्वच्छ घासून चकचकीत करणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक.

खवला हातात असेल तर तपासही सोपा आहे. गार किंवा कोटाच्या माशांचे खवले जाड, हिऱ्याच्या आकाराचे आणि वरून दंतवल्काच्या जातीच्या चकचकीत थराने मढवलेले असतात. रोहूचे खवले पातळ, गोल आणि वाकणारे. गारचा मणका पुढून फुगीर, मागून खोलगट असतो. इतर माशांच्या मणक्यांशी तो जुळत नाही. या खुणा नसतील तर प्राचीनत्वाचा दावा उभाच राहत नाही. आणि दाताचं काम कळलं तरी माशाचा पत्ता कळतोच असं नाही. डोंगरगावच्या कवचफोड्या माशाचे बहुतेक नातेवाईक समुद्रातले. तो मात्र तळ्याच्या गाळात सापडला. म्हणूनच हाडाच्या घडणीला थराची साक्ष जोडावी लागते.

प्रयोगशाळेकडे सोपवून मोकळं व्हावं का?

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे: एवढं निरखण्यापेक्षा कार्बन आणि डीएनए तपासणी करून घ्यावी. या दोन्ही पद्धती मोलाच्या, पण त्यांना कच्चा माल लागतो. हाडाचं कार्बन वय साधारणपणे कोलॅजनवरून काढतात आणि ही पद्धत सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे चालत नाही. उष्ण हवामानात, दरवर्षी भिजणाऱ्या आणि वाळणाऱ्या गाळात कोलॅजन आणि डीएनए दोन्ही लवकर नष्ट होतात. जे हाड चुन्याने भरून दगड झालं आहे, त्यात तपासायला नेमकं हेच उरलेलं नसतं. शिवाय तपासणीसाठी हाडाचा तुकडा खर्ची पडतो. त्यामुळे आधी आकार, सांधा, थर आणि चिकटलेला दगड यांची नोंद, आणि मग गरज असेल तर प्रयोगशाळा, हाच क्रम योग्य.

चौकट: हाड हाती लागलं तर

• उचलण्याआधी फोटो काढा. शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवा.
• दरडीत रुतलेलं की मोकळ्या वाळूत, हे लिहून ठेवा. गाव, काठ आणि थराची उंची नोंदवा. रुतलेलं हाड खणून काढू नका.
• धुऊन-घासून चमकवू नका. चिकटलेली माती हा पुरावा आहे.
• सांधा शोधा. एका बाजूला झुकलेलं बूड म्हणजे छातीचा काटा. सारखं बूड आणि आरपार भोक म्हणजे मिशाळ माशाच्या पाठीचा काटा.
• दोन्ही टोकं खोलगट असतील तर मणका माशाचा असण्याची शक्यता मोठी.
• कडा तीक्ष्ण असतील तर हाड फार वाहून आलेलं नाही. गुळगुळीत झिजलेल्या कडा लांबचा प्रवास सांगतात.
• रंग आणि वजन यांवरून वय ठरवू नका.

साध्या माशाचं मोल

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो निराशेतून येतो: एवढं करून शिंगाळाच निघणार असेल, तर उपयोग काय? मराठवाड्यासाठी उपयोग मोठा आहे. काट्याची जाडी आणि माशाची लांबी यांचं प्रमाण आजच्या माशांवर मोजता येतं; त्यावरून जुन्या काट्याच्या मालकाची लांबी अंदाजता येते. शिंगाळा मीटरभर वाढू शकतो, पण त्यासाठी त्याला वर्षानुवर्षं पाणी लागतं. काटा आडवा कापला तर वाढीची वलयं दिसतात आणि मासा किती वर्षं जगला याचा अंदाज बांधता येतो. एका थरात मोठ्या, वयस्क माशांची बरीच हाडं मिळाली आणि त्यांच्या कडा झिजलेल्या नसतील, तर त्या काळी तिथे भर उन्हाळ्यातही न आटणारे डोह होते, असं म्हणायला भक्कम आधार मिळतो. एका हाडावरून असा निष्कर्ष काढू नये, पण पन्नास हाडांवरून काढता येतो. वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या जिल्ह्याला आपल्या नदीत पूर्वी किती काळ पाणी टिकत होतं, हे याहून थेट सांगणारे पुरावे थोडेच आहेत. हत्तीचा सुळा सापडला की त्याची बातमी होते; माशाचं हाड मात्र वाळूच्या ढिगाबरोबर ट्रकमध्ये जातं, आणि हा पुरावा कायमचा संपतो.

त्यासाठी लागणारी साधनंही महाग नाहीत. ओळखीचा सगळा भार तुलनेवर असतो: सापडलेलं हाड ज्ञात माशाच्या त्याच हाडाशेजारी ठेवून पाहणं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राण्यांच्या हाडांच्या अभ्यासाची मोठी परंपरा आहे, माशांच्या जातींसाठी पुण्यातच भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आणि थरांसाठी नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय. पण पहिली चाळणी जिल्ह्यातच व्हायला हवी. जालना, अंबड, परतूर किंवा भोकरदनच्या महाविद्यालयांतले प्राणिशास्त्राचे विभाग बाजारातून शिंगाळा, मांगूर, मरळ, रोहू, सायप्रिनस, चिलापी आणतील, लांबी-वजन मोजतील, उकडून हाडं सुटी करतील आणि प्रत्येक हाडावर नाव, डावं-उजवं, तारीख लिहून खोक्यात ठेवतील, तर एका शैक्षणिक वर्षात पायाभूत संग्रह उभा राहील. त्यानंतर नदीतून येणाऱ्या बहुतेक हाडांचं उत्तर तिथेच मिळेल. आणि त्या खोक्यातल्या एकाही हाडाशी न जुळणारं हाड जेव्हा येईल, तेव्हा ते खरोखर विचित्र आहे असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळालेला असेल.